कापसाचा बर्फ आणि शाईची रेघ

जळगाव जिल्हा हा कापसाचा मुलूख. येथील काळ्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिकतो, बैलगाडीतून आणि मालमोटारीतून जिनिंगपर्यंत जातो आणि त्याच्या भावावर घरातली लग्ने ठरतात वा लांबतात. याच मुलखात डिसेंबर महिना उजाडला की आपल्या पुष्कळ ख्रिस्ती घरांतून ख्रिस्तजन्माच्या देखाव्यावर तोच कापूस पिंजून बर्फ म्हणून पसरला जातो. पूर्वी थर्माकोलचा चुरा असे; २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हा कापसाचे काम वाढले, इतकेच. ज्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो, तेथे बाळ येशू बर्फात जन्म घेतो. शेजारच्याच आळीत खरा गोठा असतो. त्यात बैल असतो, गव्हाण असते, कडब्याच्या पेंढ्या असतात आणि वर मातीचे धाबे असते. त्या गोठ्याकडे मात्र आपल्यापैकी कोणी पाहिलेले नसते.

कापसावर आमचा राग नाही. सजावट हीसुद्धा भक्तीची एक भाषा आहे आणि लहान मुलांच्या हातची असेल तर ती गोडच लागते. परंतु या कापसाच्या बर्फाखाली एक जुने दुखणे दडलेले आहे. जे समोर आहे ते न पाहता जे कोठेतरी छापलेले पाहिले ते पुन्हा पुन्हा गिरविणे, हे ते दुखणे होय. ते केवळ नाताळापुरते असते तर आम्ही लेखणी उचलली नसती.

आपल्या शाळांतील चित्रकलेचा तास आठवावा. ‘निसर्गचित्र काढा’ असे सांगताच मुले दोन त्रिकोणी डोंगर काढतात. त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, सूर्यापासून निघालेली नागमोडी नदी, काठावर लाल कौलांची झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचे झाड. रावेर-सावद्याचे मूल, ज्याच्या घराभोवती क्षितिजापर्यंत केळीच्या बागा आहेत, तेही नारळच काढते. साक्रीचे मूल, ज्याच्या गावाबाहेर बाभळी आणि निंब उभे आहेत, तेही नारळच काढते. उत्तरेस सातपुडा आडवा पसरलेला आहे. त्याला त्रिकोणी शिखर नाही, तो लांबच लांब निळ्या भिंतीसारखा दिसतो, हे त्या मुलास कोणी दाखविलेले नसते. पुढे एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या श्रेणी-परीक्षा येतात. दहावीच्या निकालात त्यांचे वाढीव गुण मिळत असल्याने पालक उत्साहाने मुलांना बसवितात. तेथे ‘स्मरणचित्र’ नावाचा एक विषय आहे. त्या नावातच एक प्रश्न दडलेला आहे: ज्याने पाहिलेच नाही, त्याने स्मरावे तरी काय? मग ‘बाजार’, ‘बस स्थानक’, ‘पाणवठा’ यांचे तयार नमुने पाठ करविले जातात. चित्र हेही पाढ्यांसारखे पाठांतराचे प्रकरण होऊन बसते.

धर्मशिक्षणाच्या वर्गांतही निराळे काही घडत नाही. धर्मग्रामाच्या सणानिमित्त चित्रकला स्पर्धा ठेवल्या जातात. तासाभराची मुदत आणि विषय ‘प्रभू येशू आणि मुले’. मुले दिनदर्शिकेवरील निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा ख्रिस्त पाहून उतरवून काढतात. ज्याचे चित्र दिनदर्शिकेशी अधिक जुळते त्यास पहिले बक्षीस. आम्ही म्हणतो, येथे मुलांचा दोष तिळमात्र नाही. त्यांना आपणच शिकविले आहे की, चित्र म्हणजे नक्कल आणि डोळे म्हणजे नक्कल उतरविण्याचे साधन.

आमचे प्रतिपादन असे आहे. साधी लेखणी आणि कोरा कागद घेऊन समोरच्या वस्तूपुढे, घरापुढे, माणसापुढे स्वस्थ बसणे आणि ती वस्तू रेघारेघांनी समजून घेणे हा एक ध्यानाचा प्रकार आहे. तो केवळ चित्रकारांचा धंदा नव्हे. तो प्रत्येक धर्मग्रामात, प्रत्येक कुटुंबात रुजविण्याजोगा आहे, आणि त्याच्या अभावी आपले फार मोठे नुकसान होत आहे. हे म्हटले की चार आक्षेप हमखास येतात. त्यांचा एकेक करून विचार करू.

पहिला आक्षेप असा की, हातात मोबाइल असताना रेघोट्या मारीत कोणी बसावे? अर्ध्या क्षणात हुबेहूब छायाचित्र मिळते.

या आक्षेपाचे उत्तर खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे. अजिंठ्याची लेणी आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या बाहेर असली, तरी जळगाव स्थानकावर उतरूनच असंख्य लोक तेथे जातात. मद्रास लष्करातील एक अधिकारी रॉबर्ट गिल यांची १८४४ साली तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. ऊन, ताप आणि एकांत सोसून त्यांनी वर्षानुवर्षे अंधाऱ्या लेण्यांत चित्रे उतरविली. ती लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली आणि १८६६ च्या आगीत त्यांतील बहुतेक सर्व भस्मसात झाली. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा आरंभिले. त्यांतीलही पुष्कळशी चित्रे १८८५ साली लंडनमध्येच जळाली. गिल छायाचित्रणही शिकले होते. त्यांनी टिपलेल्या लेण्यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ साली निघाले. १८७९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळला आहे.

विरोधक म्हणतील, पाहा, हातची चित्रे जळाली आणि छायाचित्रे टिकली! आम्ही हे नाकारीत नाही. पण मग प्रश्न असा की, त्या जळालेल्या कापडांबरोबर सारे श्रमही जळाले काय? ग्रिफिथ्स यांच्याबरोबर लेण्यांत बसलेले पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी पुढे नामवंत चित्रकार झाले. मान किती झुकली म्हणजे करुणा दिसते, बोटे कशी मिटली म्हणजे नम्रता दिसते, हे त्यांचे हात जाणू लागले होते. कापड जळाले, पण पाहून घडलेला माणूस जळाला नाही. छायाचित्राचे सारे मोल हाती येणाऱ्या वस्तूत असते. रेखाटनाचे निम्मे मोल काढणाऱ्याच्या अंतःकरणात जमा होते आणि ते कोणत्याही आगीत जात नाही. नेमका हाच ध्यानाचाही स्वभाव आहे.

आमचे भांडण कॅमेऱ्याशी नाही, घाईशी आहे. चाळीसगावला कैखुश्रू उर्फ केकी मूस नावाचे एक पारशी कलावंत होऊन गेले. १९१२ साली त्यांचा जन्म झाला, १९८९ साली ते वारले. आयुष्याची कित्येक दशके त्यांनी चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले. त्यांचे हत्यार मुख्यतः कॅमेराच होते. परंतु घरातल्या टेबलावर साध्यासुध्या वस्तू मांडून, त्यांवर प्रकाश कसा पडतो हे तासन्‌तास निरखून, त्यांनी एकेक छायाचित्र असे सिद्ध केले की, पाहणाऱ्यास ते दूरदेशीचे विस्तीर्ण दृश्य वाटावे. हा माणूस कॅमेरा घेऊनही चित्रकारासारखा बसत होता. आज आपल्या खिशात त्याहून शतपट सोयीचे यंत्र आहे. मात्र ते बसणे आपल्याजवळ नाही.

आता एक कटू गोष्ट लिहितो. सणासुदीस आपल्या संस्था, मंडळे व धर्मग्रामे गरिबांना ब्लँकेटे, धान्य, वह्या वाटतात. हे काम स्तुत्य आहे. परंतु देणारा आणि घेणारा दोघेही कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे असतात. ब्लँकेट दोघांच्या हातांत मधोमध धरलेले असते. देणारा घेणाऱ्याकडे पाहत नाही, घेणारा देणाऱ्याकडे पाहत नाही. छायाचित्र निघते, मोबाइलवरून शेकडो जणांकडे जाते आणि त्या शेकडोंपैकी एकासही त्या म्हातारीचे नाव विचारावेसे वाटत नाही. आता कल्पना करा की, धर्मग्रामातील एखादी कुमारिका वही-लेखणी घेऊन त्याच म्हातारीच्या ओट्यावर बसली आहे. तिला प्रथम परवानगी मागावी लागेल. ‘आजी, बसू का?’ असे म्हणावे लागेल. अर्धा तास बसावे लागेल. त्या अर्ध्या तासात आजी गप्प राहणार नाहीत. त्या आहिराणीत काहीबाही विचारतील, मुलगा सुरतेला गेल्याचे सांगतील, चहा टाकतील. शेवटी वही मागून आपला चेहरा पाहतील आणि ‘नाक मोठं काढलंस, बाई’ असे म्हणतीलही. दोघींनी एकमेकींस पाहिलेले असेल. परुशी शिमोनाच्या घरी पंगत बसली असता जी पापी स्त्री आत आली, तिच्याकडे प्रभूने त्याचे लक्ष मुद्दाम वेधले, हे संत लूकचे शुभवर्तमान सांगते. ती शिमोनाच्या डोळ्यांपुढेच होती. पण त्याने तिची ख्याती तेवढी पाहिली होती, तिला पाहिले नव्हते. आपण शिमोनाचेच वंशज ठरत आहोत काय, हा प्रश्न आम्हांस टोचतो.

दुसरा आक्षेप नम्रतेच्या वेषात येतो: ‘चित्रकला ही देवाची देणगी, ती काहींनाच लाभते. आम्हांस सरळ रेघही ओढता येत नाही.’

सरळ रेघ ओढण्यासाठी पट्टी असते. त्यासाठी माणूस लागत नाही. येथे प्रश्न सुंदर चित्राचा नसून प्रामाणिक दृष्टीचा आहे. गाणे येत नाही म्हणून कोणी मिस्सेतील गायनाच्या वेळी ओठ शिवून बसत नाही. शिवाय पाहण्याची शक्ती विद्येची वा वर्गाची बटीक नाही. याच जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांना (१८८०–१९५१) अक्षरओळखही नव्हती. तरीही पेरणी, जाते, पाखराचा खोपा, घरातला चुलीचा धूर यांत त्यांना जे दिसले, ते पदवीधरांना दिसले नाही. त्यांच्या हाती लेखणी नव्हती, म्हणून त्यांनी ओवीने रेखाटले. देणगी असेल तर ती दृष्टीची, आणि ती सवयीने वाढते.

लेखणीचा आग्रह आम्ही का धरतो, तेही सांगतो. शिसपेन्सिलीची रेघ खोडता येते. शाईची येत नाही. खोडरबर हाताशी असला की मन पुढे धावते. पाहण्याआधीच रेघ ओढली जाते, कारण चुकले तर पुसता येते. शाईची रेघ ओढण्यापूर्वी थांबावे लागते. धाब्याच्या कडेपासून ओट्यापर्यंत नजर सावकाश उतरते आणि तिच्याबरोबर, तिच्याच गतीने, लेखणीचे टोक उतरते. चुकीची रेघ पडलीच तर ती तशीच राहू द्यावी लागते आणि तिच्याशेजारी बरोबर रेघ ओढावी लागते. सावली हवी असेल तर रेघांशेजारी रेघा घालीत, त्यांवर आडव्या रेघांची जाळी विणीत काळोख जमवावा लागतो. त्यास जवळचा मार्ग नाही. आपल्या प्रायश्चित्त संस्काराची याच्याशी जी जवळीक आहे ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. पापाची क्षमा होते, परंतु झालेले कृत्य झालेच नव्हते असे कोणी मानीत नाही. त्याच्याशेजारी नवे, सरळ आयुष्य मांडावयाचे असते. ज्या मुलाने शाईने पन्नास चित्रे काढली, त्यास ही गोष्ट उपदेशावाचून कळते.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि आमचे शिकले-सवरलेले बांधवच तो घेतात. ‘आपला समाज लहान आणि गरीब. मुलांना नोकऱ्या हव्यात, स्पर्धा परीक्षांचे वर्ग हवेत. चित्रे काढणे हा सुखवस्तूंचा छंद आहे.’

नोकऱ्या हव्यातच. परंतु पाहण्याचा आणि पोटापाण्याचा संबंध नाही, हे आम्हांस मान्य नाही. खानदेशातील धाब्याचे जुने घर घ्या. येता-जाता त्याकडे पाहिले तर ते मातीचा ढीग वाटते. लेखणी घेऊन बसले की रेघ प्रश्न विचारू लागते. ही तुळई कशावर टेकली आहे? खांब दिसत नाही, मग भार कोठे उतरतो? भिंत इतकी जाड का? खिडकी इतकी लहान आणि इतकी उंच का? ओटा रस्त्याकडे का काढला आहे? उत्तरे त्याच घरात मिळतात. उन्हाळ्याची झळ आत येऊ नये म्हणून भिंत जाड आणि झरोका लहान; तुळयांवर फळ्या-काटक्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, म्हणून दुपारी आत गारवा; उन्हाळ्यात रात्री झोपण्यास तेच धाबे म्हणजे अंगण; आणि ओटा अशासाठी की, ओळख नसलेल्या वाटसरूसही घराच्या सावलीत टेकता यावे. छायाचित्र काढणाऱ्यास यांतील एकही प्रश्न पडत नाही. आज आपण ही घरे पाडून त्यांच्या जागी पत्र्याचे छप्पर वा सिमेंटचा स्लॅब घालतो आणि वैशाखात भाजून निघतो. गवंडी, सुतार, अभियंता होऊ पाहणाऱ्या मुलास या घराचे एक प्रामाणिक रेखाटन जे शिकवील, ते विकत घेतलेल्या मार्गदर्शिका शिकविणार नाहीत.

धुळे शहराचेही तसेच. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे आला. त्यांनी १८१९ साली धुळ्याची नवी वसाहत आखून बसविली. म्हणून जुन्या धुळ्यात सरळ, समांतर गल्ल्या आहेत आणि त्यांना अजूनही क्रमांकांनी ओळखतात. धुळ्याचे किती विद्यार्थी एखाद्या गल्लीच्या तोंडाशी बसून, दोन्ही बाजूंची घरे दूरवर कशी जवळ येत जातात ते पाहतात? यथार्थदर्शनाचा धडा पुस्तकातून पाठ करतात, आणि तो धडा ज्या गल्लीने दोनशे वर्षे त्यांच्यासमोर मांडून ठेवला आहे तिच्यातून सायकल दामटीत निघून जातात! सोनगीरच्या तांबटाची ऐरण, पांझरेच्या काठची धुणी, लळिंगच्या किल्ल्याची तुटकी तटबंदी, तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरील चांगदेवाचे देवालय, सावद्याच्या वाटेवर केळीचे घड भरणाऱ्या हमालांच्या पाठी – हे सर्व आपल्या मुलांचे पाठ्यपुस्तक आहे. ते विनामूल्य आहे आणि न उघडताच जीर्ण होत आहे.

गरिबीचे म्हणाल तर फैजपूरचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात, आपल्या फैजपूर येथे भरले. गांधीजींनी त्याच्या सजावटीचे काम शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांच्यावर सोपविले. नंदलाल यांनी बांबू, गवत, चटया, मातीची भांडी अशा गावात मिळणाऱ्या वस्तूंनीच नगर उभे केले. खेड्याच्या वस्तूंत किती शोभा दडली आहे, हे खेडेकऱ्यांनाच त्या दिवशी कळले असेल. ही दृष्टी त्यांना एका दिवसात आली नव्हती. तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, ते अजिंठ्यात चित्रांच्या प्रती करीत बसले होते; आणि पुढे आयुष्यभर ते खिशात साध्या टपाली कार्डांएवढे कागद बाळगीत, वाटेत दिसेल ते – बकरी, झाड, ओझे वाहणारी बाई – रेखाटून घेत. टपालाच्या कार्डाएवढा कागद आणि एक लेखणी, एवढ्या भांडवलास जो सुखवस्तूंचा छंद म्हणेल, त्याने सुखवस्तू माणूस पाहिलेला नसावा.

चौथा आक्षेप आपल्या काही श्रद्धाळू मंडळींचा आहे. ‘हे ध्यान, ही एकाग्रता म्हणजे झेनपंथ, योगपंथ. आपल्या धर्मात ते कोठे आहे? आपल्याला जपमाळ पुरे.’

जपमाळ तर हवीच. परंतु जपमाळेत प्रत्येक दशकापूर्वी आपण एक रहस्य डोळ्यांपुढे आणतो, ते कशासाठी? केवळ ओठ हलवावयाचे असते तर रहस्यांची योजना झालीच नसती. संत इग्नेशिअस लोयोला यांनी आपल्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात, ज्यास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली, ख्रिस्तजन्माच्या चिंतनासाठी साधकास जी सूचना केली आहे ती पाहावी. नाझरेथहून बेथलेहेमकडे जाणारा रस्ता मनश्चक्षूंपुढे आणावा. तो किती लांब, किती रुंद, सपाट की दऱ्याखोऱ्यांतून जाणारा. ती गुहा केवढी, उंच की बुटकी, आत काय काय मांडलेले, हे सारे पाहावे, असे ते सुचवितात. हे प्रश्न रेखाचित्रकाराचे आहेत! ज्याने आयुष्यात एक रस्ता नीट पाहिलेला नाही, एक गोठा नीट पाहिलेला नाही, त्याचे मन बेथलेहेमचा रस्ता कोठून आणील? तो कापूसच आणील.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने आपल्या श्रोत्यांना रानफुलांकडे पाहावयास सांगितले, हे आपण सारे जाणतो. संत मत्तयच्या मूळ ग्रीक पाठात तेथे जे क्रियापद आहे, त्यात नुसत्या पाहण्यापलीकडचा अर्थ आहे. नीट निरखून शिकून घ्या, असा त्याचा भाव आहे. म्हणजे ती आज्ञा नजर टाकण्याची नव्हे, निरीक्षण करण्याची आहे. चिंतेवरचा उतारा म्हणून प्रभूने काय दिले? एका फुलाचे निरीक्षण. आपण हा उतारा कधी घेऊन पाहिला आहे काय?

आणि झेनचे नाव काढलेच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. फ्रेडरिक फ्रँक नावाचे डच वंशाचे एक दंतवैद्य आणि चित्रकार होते. आफ्रिकेत लँबारेने येथे आल्बर्ट श्वाइट्झर यांच्या रुग्णालयात त्यांनी सेवा केली होती. १९६२ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी दुसरी व्हॅटिकन विश्वपरिषद बोलाविली, तेव्हा हे गृहस्थ रोमला गेले आणि परिषदेच्या चारही सत्रांत महागुरूंचे, तत्त्ववेत्त्यांचे, पहारेकऱ्यांचे चेहरे रेखाटीत राहिले. त्यावरील आपल्या पुस्तकाच्या नावातच त्यांनी स्वतःस व्हॅटिकनमधला उपरा म्हणवून घेतले. त्याच फ्रँक यांनी १९७३ साली ‘पाहण्याचे झेन’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. तेही छापील टंकात नव्हे, स्वतःच्या हस्ताक्षरात. रेखाटन हेच ध्यान, हा त्या पुस्तकाचा विषय. जो माणूस ख्रिस्तसभेच्या त्या ऐतिहासिक घटकेस केवळ पाहत बसला होता, त्याच्या पाहण्यातून हा विचार परिपक्व झाला. अशा दृष्टीस परकी म्हणून दाराबाहेर उभे करणे परिषदेच्या शिकवणीस शोभणारे नाही.

आपल्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे अँजेलो दा फोन्सेका. गोव्याच्या सांत इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेला हा कॅथोलिक चित्रकार मुंबईची कलाशाळा सोडून शांतिनिकेतनात गेला आणि अवनींद्रनाथ टागोर व नंदलाल बोस यांच्या सहवासात शिकला. पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून, १९६७ मध्ये निधन होईपर्यंत, त्याने साडी नेसलेली पवित्र मरिया आणि या देशाच्या मातीतला ख्रिस्त रंगविला. त्याच्याच लोकांनी त्यास नावे ठेविली. दिनदर्शिकेवरची मरिया त्यांना आपली वाटत होती आणि शेजारच्या घरातून पाणी भरण्यास निघालेली मरिया परकी वाटत होती. फोन्सेका यांचा अपराध एवढाच की, त्यांनी शेजारच्या घराकडे पाहिले.

येथेच आमच्या वादाचे मर्म आहे. खानदेशातील आपली धर्मग्रामे लहान आणि विखुरलेली आहेत. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांताच्या या टोकास कोणी रेल्वेच्या नोकरीने भुसावळला आलेले, कोणी नगरकडून, कोणी वसई-गोव्याकडून, कोणी केरळातून, तर कोणी येथलेच, सातपुड्याच्या पायथ्याचे. आपल्याला अधूनमधून परके म्हटले जाते आणि ते ऐकून मन दुखावते. त्यास प्रत्युत्तर म्हणून आपण इतिहासाचे दाखले देतो, घटनेची कलमे सांगतो. ते योग्यच आहे. परंतु ज्या भूमीवर आपण राहतो तिचे झाड, तिचे घर, तिचा बाजार आपण डोळे भरून पाहिलेलाच नसेल, तर त्या दाखल्यांत जीव कोठून येणार? एखाद्या गावावरचा हक्क सात-बाराने सिद्ध होत असेल. त्याच्यावरची माया त्याच्याकडे पाहत बसल्यावाचून उपजत नाही. देहधारणेचा सिद्धान्त मानणारे आपण. शब्द देही झाला तो एका विवक्षित गावात, विवक्षित लोकांत, त्यांची बोली बोलत. त्याच्या अनुयायांनी आपल्या गावास ओळखू नये, हा विरोधाभास किती दिवस चालवावयाचा?

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. गुरुजींच्या त्या लेखणीमुळे एक बोललेला ग्रंथ महाराष्ट्रास मिळाला. धर्म वेगळा असला तरी त्यातील वृत्ती आम्हांस अनुकरणीय वाटते. दुसऱ्याच्या शब्दापुढे स्वतःस विसरून बसलेला तो मनुष्य आणि गोठ्यापुढे वही घेऊन बसलेले मूल, या दोघांची साधना एकच आहे.

तेव्हा धर्मगुरू, धर्मभगिनी, धर्मशिक्षक आणि पालक यांच्यापुढे आम्ही काही स्पष्ट सूचना ठेवितो. धर्मशिक्षणाच्या वर्गात महिन्यातून एक तास मुलांना वर्गाबाहेर न्यावे. प्रत्येकाच्या हाती बिनरेघी वही आणि शाईचे साधे पेन असावे, खोडरबर नसावा. एका तासात एकच वस्तू: पायरी, विहीर, बैल, आजोबांचे जोडे. पहिली पाच मिनिटे लेखणी उघडावयाची नाही, नुसते पाहावयाचे. कोणी नक्कल केली तर रागावू नये. वस्तूकडे बोट दाखवावे. सणाच्या दिवशी ही चित्रे मांडावीत, मात्र बक्षिसे ठेवू नयेत, कारण बक्षीस आले की दिनदर्शिका परत येते. ज्या धर्मग्रामात जुने मंदिर वा जुने मिशनघर पाडावयाचे ठरले असेल, तेथे पहिला घाव पडण्यापूर्वी कुटुंबांनी एक रविवार त्या वास्तूपुढे बसून ती रेखाटून घ्यावी. ज्या खांबाला टेकून आपल्या आज्यांनी प्रार्थना केल्या, त्यास निदान निरोप तरी द्यावा. आणि येत्या उपवासकाळात क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने बाजारातून आणण्याऐवजी मुलांनी आपल्याच गावात शोधावीत. ओझ्याखाली वाकलेला हमाल आहे, त्यास हात देणारा वाटसरू आहे, तोंड पुसणारी बाई आहे, रडणाऱ्या बाया आहेत, मुलाच्या देहाजवळ बसलेली आई आहे. जळगावच्या बाजारात आणि धुळ्याच्या गल्ल्यांत ही चौदाही स्थाने रोज घडत आहेत. चित्रे वेडीवाकडी होतील, प्रमाण चुकेल, हात पायांहून लांब येतील. खुशाल येऊ द्यावेत. ती भिंतीवर लावावीत आणि त्यांच्यापुढे गुडघे टेकावेत.